दमानं घ्या, सर

मेस्त्रींना गाडी दाखवायची तर आधी स्वतःला दाखवावं लागतं. उद्यमनगरातल्या त्यांच्या बोळात आपण गाडी लावतो, उतरतो, बोनेटची कळ ओढतो, आणि मेस्त्री गाडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते आपल्याकडे बघतात, चष्म्याच्या वरून. मग चौकशी सुरू होते. गाडी कोण चालवतंय? सकाळी चालू केल्यावर लगेच निघतासा का जरा थांबतासा? पेट्रोल कुठल्या पंपावर? टाकी फुल्ल करतासा का पाचशे-पाचशेचं? लेक कुठं दिलीय?

या शेवटच्या प्रश्नाचा इंजिनाशी काय संबंध, असं मला बरीच वर्षं वाटायचं. संबंध असतो. लेक गडहिंग्लजला दिली असेल तर गाडी महिन्यातून एकदा तरी चांगली तापते. राजारामपुरीतच दिली असेल तर ती कधीच धड तापत नाही, सायलेन्सरात पाणी साठतं, प्लग काळे पडतात. मेस्त्रींनी एका प्रश्नात सोयरीक आणि सायलेन्सर दोन्ही तपासलेले असतात.

ही जात तुम्हाला ओळखीची असेल. कोल्हापुरात 'मेस्त्री' ही पदवी कुठलं विद्यापीठ देत नाही. ती बोळातल्या लोकांनी द्यायची असते आणि एकदा दिली की परत घेता येत नाही. गावानं ज्यांचं नाव यंत्राच्या कामात सर्वांत वर ठेवलं, तेही म्हादबा मेस्त्रीच. इंजिनिअर कुणी म्हणालं नाही. उद्यमनगरात कुणाशीही पाव तास बोललात की बाबूराव पेंटरांचा कॅमेरा निघतोच. १९१८च्या सुमाराला बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीनं इथंच, कोल्हापुरात, स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. हे खरंच आहे. पण आमचे मेस्त्री ते अशा ओघात सांगतात की त्या कॅमेऱ्याचा शेवटचा स्क्रू त्यांच्या आज्यानं आवळला असावा असं वाटावं. आजा त्या वेळी कुठं होता हे विचारायचं नसतं.

वय साठीच्या पुढं. अंगात खाकी शर्ट. त्याचा मूळ रंग खाकीच होता का, हे फक्त त्यांच्या मंडळींना ठाऊक. खिशात फीलर गेज, दहा नंबरचा पाना आणि जोतिबाच्या गुलालाची पुडी. गिऱ्हाइकाला बसायला ॲम्बॅसॅडरची मागची अख्खी सीट भिंतीला लावलेली आहे. तिच्यावर बसलेला माणूस आपोआप मागे रेलतो आणि घाई विसरतो. समोर साखर कारखान्याचं कॅलेंडर. मेस्त्री करवीर तालुक्यातल्या आपल्या गावी काही गुंठे ऊस बाळगून आहेत, कारखान्याचे सभासद आहेत, आणि उसाला तोड आली की गॅरेजला कुलूप असतं. त्या काळात तुमच्या गाडीचं इंजिन बाहेर काढून ठेवलेलं असेल तर ते तसंच राहतं. "ऊस वाळतोय सर, इंजान कुठं वाळतंय?"

हाताखाली बारक्या. गॅरेजातलं सर्वांत धाकटं पोरगं म्हणजे बारक्या. पोरं बदलतात, नाव पुढं चालतं. सध्याचा बारक्या सहा फुटी आहे आणि आयटीआय झालेला आहे. त्याला इंग्रजी मॅन्युअल वाचता येतं, आणि ही गोष्ट मेस्त्रींनी त्याला अजून पुरती माफ केलेली नाही.

गळतीवर मात्र मेस्त्रींचा एकच उपाय आहे, सिलिकॉनची ट्यूब. गॅरेजच्या पत्र्याला सिलिकॉन. मोरीच्या नळाला सिलिकॉन. बारक्याची चप्पल, पंचायतीच्या टँकरचा व्हॉल्व्ह, माझ्या गाडीचं गणपतीआधी पाझरणारं टॅपेट कव्हर, चहावाल्याच्या स्टोव्हची टाकी. शेवटचं चहावाल्यानंच जिवाच्या भीतीनं लावू दिलं नाही. "पाकिंग म्हंजे कागुद. सिलिकॉन म्हंजे आयुष्यभराचं काम," असं म्हणत ते ट्यूब अशी दाबतात की जोडातून दोन्ही बाजूंना बोटभर जाड वळी बाहेर येते. ती वळी बघून गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

त्यांची सुरुवात शेतीच्या ऑइल इंजिनांवर झाली. मग फियाट, पद्मिनी, पुढं मारुती. कार्बोरेटरच्या काळात मेस्त्रींचा दरारा होता. पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण बरोबर आहे का हे तेव्हा सांगायचं कुणी? मेस्त्रींनी. ते प्लग काढून उन्हात धरायचे. चिनी मातीचं टोक बिस्किटी रंगाचं असलं तर मिश्रण बरोबर. काजळी धरली असली तर पेट्रोल जास्त. पांढरंफटक असलं तर हवा जास्त, इंजिन तापणार. मग सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवे बसून धुराचा वास घ्यायचे, डोळे मिटून, आणि कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचे. "तवा सेन्सर म्हंजे मीच हुतो," असं ते आजही सांगतात. त्या वासानं फुप्फुसांचं काय झालं असेल, हा विषय मंडळी काढतात तेव्हा त्यांना कमी ऐकू येतं.

मेस्त्रींच्या नाकाची नोकरी गेली ती जर्मनीमुळं. बॉश कंपनीनं १९७६ साली ऑक्सिजन सेन्सर बाजारात आणला आणि व्होल्वोनं तो अमेरिकेत विकायच्या गाड्यांना लावला. कॅलिफोर्नियातल्या धुराच्या कायद्यापुढं नाकाचा अंदाज चालेना. आपल्याकडं त्याची वाट शिशानं अडवली होती. पेट्रोलमधलं शिसं या सेन्सरलाही मारतं आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही. म्हणून १९९५ साली चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तेव्हा तिथं बिनशिशाचं पेट्रोल आधी आणावं लागलं. देशभर शिसं बंद झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. त्यानंतर कॉम्प्युटरच्या गाड्या कोल्हापुरात उतरल्या. कार्बोरेटर गेला, स्क्रू गेला. मेस्त्रींनी थोडे दिवस सुतक पाळलं आणि मग एका भंगार गाडीचा सेन्सर मिळवून तो हातोडीनं फोडून बघितला.

आत काय सापडलं ते त्यांनी मला एकदा ॲम्बॅसॅडरच्या सीटवर बसवून समजावलं. आत झिर्कोनियाचं, म्हणजे एका जातीच्या सिरॅमिकचं, बोटाच्या पेराएवढं टोपण असतं. बाहेरून धूर, आतून मोकळी हवा. हे टोपण तीनशे अंशांच्या वर तापलं की दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, तेवढी वीज तयार होते. पेट्रोल जास्त झालं, धुरात ऑक्सिजन उरला नाही, की ०.९ व्होल्टच्या जवळ. हवा जास्त झाली की ०.१ च्या जवळ. मध्ये ०.४५ ची रेघ. कॉम्प्युटर ती रेघ ओलांडली जातेय का बघतो आणि पेट्रोल कमी-जास्त करतो. त्यामुळं चांगला सेन्सर एका जागी कधी थांबत नाही, वर-खाली वर-खाली नाचत असतो. नाचला तर मिश्रण बरोबर. थांबला, किंवा पाय ओढायला लागला, तर घोळ.

"माझा बाप गुळव्या हुता, सर," मेस्त्री म्हणाले. "काहिलीम्होरं हुबा ऱ्हायचा. पाक बघायचा आनी वराडायचा, जाळ कमी कर! चुलवाणात चिपाडं सारणारा गडी खाली असतोय, त्येला वरचं काय दिसत न्हाई. त्यो निसता बापाच्या आवाजावर चिपाडं घालायचा. आता समजा बापानं योग्य त्येच सांगितलं, पर जरा उशिरानं सांगितलं. तर?"

"गूळ करपला."

"करपला. मग बाप म्हननार, जाळ वाढव, तेबी उशिरा. मग कच्चा ऱ्हायला. बाप खोटं बोलला का? न्हाई. पर गूळ गेला न्हवं?"

सेन्सर सुस्त होणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं वर्णन मी बारक्याच्या मॅन्युअलमध्येही वाचलेलं नाही. मेलेला सेन्सर ओळखायला सोपा. सुस्त सेन्सर खरंच बोलतो, फक्त वेळ टळून गेल्यावर.

माझ्या गाडीत पिवळा दिवा लागला तो दिवाळीनंतर. ॲव्हरेज घसरलं होतं, सिग्नलला उभी असताना गाडी उगाच वर-खाली हुंदडायची. घरच्यांच्या आग्रहानं मी आधी एका काचेच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथं एसी होता, कॉफी होती, टाय लावलेला मुलगा होता. त्यानं स्टीअरिंगखाली एक डबी खोचली, टॅबवर बघितलं आणि बसल्या जागी निकाल दिला: कोड पी ०१३३, ऑक्सिजन सेन्सर सुस्त. गाडीला दोन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर. "दोन्ही बदलून घ्या सर, पेअरमध्ये चांगलं." आकडा ऐकून मी कॉफी अर्धी ठेवली आणि उद्यमनगर गाठलं.

मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. दुसरा सेन्सर बदलायला का सांगितला, याचं उत्तर त्यांना कोडमध्ये सापडलं नाही; तो कोड फक्त पुढच्याबद्दल होता. "कोड खोटं बोलत न्हाई सर. पर सगळंबी बोलत न्हाई. कॉम्पुटरला निस्तं कळलंय की निरोप उशिरा येतोय. आता निरोप्या म्हातारा झालाय, का त्येचा रस्ता खराब हाय, ह्ये त्येला कुठलं कळायला?"

"मग कसं कळणार?"

"दमानं घ्या."

मेस्त्रींचं 'दमानं घ्या' हे वेळेचं एकक आहे. ते एका चहापासून एका पंधरवड्यापर्यंत कितीही लांबतं. पण मेस्त्रींचं सगळं शास्त्र या दोन शब्दांवर उभं आहे, हे मान्य करावं लागेल. बाकीचे कारागीर भाग बदलून बघतात. दिवा गेला तर बरोबर, नाही गेला तर पुढचा भाग. मेस्त्रींना ते जमत नाही. सेन्सर दोषी आहे हे त्यांना आधी पटावं लागतं, आणि ते सहजासहजी पटू नये अशी त्यांची आतून इच्छा असते.

पहिल्यांदा गाडी तापवायची. थंड सेन्सर मुकाच असतो, त्याला सुस्त म्हणण्यात अर्थ नाही. त्यासाठी आम्ही वाघबीळपर्यंत गेलो. वर पन्हाळ्याला जायची काही गरज नव्हती, पण चढावर इंजिनाला जोर लागतो असं म्हणत मेस्त्रींनी गाडी वर घ्यायला लावली आणि तीन दरवाज्याजवळ भाजलेलं कणीस खाल्लं. कणीस खाताना इंजिन चालूच. पेट्रोल माझं.

मग गळती. सेन्सरच्या आधी धुराच्या पाइपला बारीक चीर असली तर धूर बाहेर जातो हे सगळ्यांना कळतं. बाहेरची हवा आत येते हे फार जणांना कळत नाही. धूर धक्क्याधक्क्यानं येतो, दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात दाब उतरतो आणि चीर बाहेरची हवा ओढते. सेन्सरला त्या हवेतला ऑक्सिजन लागतो, तो प्रामाणिकपणे 'हवा जास्त' असं सांगतो आणि कॉम्प्युटर विनाकारण पेट्रोल ओततो. बारक्यानं सायलेन्सरच्या तोंडावर फडकं दाबून धरलं. मेस्त्रींनी कानाला रबरी नळी लावली, दुसरं टोक पाइपाच्या जोडांवरून फिरवत गेले, आणि एका ठिकाणी थांबून हसले. मॅनिफोल्डच्या पाकिंगशी काजळीची बारीक रेघ होती, आणि फुस्स असा आवाज.

"बगा! सेन्सर बिचारा निर्दोष."

पाकिंग बदललं. मेस्त्रींनी काचेच्या वर्कशॉपवर एक छोटं भाषण केलं, शेजारच्या लेथवाल्यालाही बोलावून ऐकवलं. कोड पुसला. गाडी घेऊन मी घरी गेलो. रंकाळ्यावर संध्याकाळचं फिरून होतंय तोवर दिवा पुन्हा लागला.

दुसऱ्या फेरीत मेस्त्री कमी बोलत होते. वायरी तपासल्या. सेन्सरला चार वायरी असतात. दोन आतल्या हिटरच्या, दोन निरोपाच्या. हिटर गेला तर टोपण वेळेवर तापत नाही, पण हिटर ठीक होता. उंदरानं कुरतडलेलं काही नव्हतं. कनेक्टर कोरडा होता. हवेच्या नळ्यांवर स्प्रे मारून बघितला, इंजिनाचा आवाज बदलला नाही, म्हणजे तिथंही चीर नाही. मग पेट्रोलवर संशय. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच्या आसपास, त्यामुळं या मिश्रणाला साधारण साडेतेरा. सेन्सरला सुरुवातीला सगळंच 'हवा जास्त' वाटतं आणि कॉम्प्युटर पेट्रोलचा डोस वाढवून घेतो. त्यानं प्रमाण बदलेल, वेग बदलणार नाही, असं बारक्या म्हणाला. बरोबर म्हणाला. पण इथेनॉल हा शब्द निघाला होता. इथेनॉल म्हणजे मळी, मळी म्हणजे कारखाना, कारखाना म्हणजे बिल, आणि बिल म्हणजे मागच्या हंगामाचा राहिलेला हप्ता. "आपलाच ऊस आपल्याच गाडीत जाळायचा, आनी आपूनच पैसे द्यायचे!" अर्धा तास गेला. या अर्ध्या तासात गाडी थंड झाली आणि पुन्हा तापवावी लागली.

शेवटी स्कॅनर निघाला. हा स्कॅनर मेस्त्रींच्या चाकणला नोकरीला असलेल्या पोरानं आणून दिलेला. खंडेनवमीला तो पान्या-हातोड्यांच्या रांगेत मांडला जातो, त्याला झेंडूचा हार पडतो, आणि पडद्यावर लावलेलं हळदीकुंकू पुढच्या खंडेनवमीपर्यंत निघत नाही. एरवी तो डब्यात असतो. बारक्यानं डबी खोचली, २५०० आरपीएमला इंजिन धरलं, पडद्यावर आलेख उमटला. कुंकवाच्या डागाच्या डावीकडून एक रेघ डोंगर चढल्यासारखी सावकाश वर गेली, सावकाश खाली आली.

"सुस्त हाय," बारक्या म्हणाला.

मेस्त्री बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी जे विचारलं त्यासाठी मी त्यांचे शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे. "सुस्त कोन हाय? सेन्सर का तुजी डबी?"

पडद्यावर दहा आकडे एकदम लावलेले होते. डबी कॉम्प्युटरला एकेक आकडा पाळीपाळीनं विचारते. पुन्हा सेन्सरपर्यंत पाळी यायला सेकंदाचा मोठा भाग निघून जातो. मधल्या वेळात सेन्सर कितीही नाचला तरी डबीला त्याचा पत्ता नाही. ती दोन ठिपके घेते आणि सरळ रेघ ओढून मोकळी होते. बारक्यानं नऊ आकडे बंद केले. रेघ जरा चपळ झाली. पण खऱ्या परीक्षेला तेवढं पुरत नाही. चांगला सेन्सर ०.३ वरून ०.६ व्होल्टवर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उडी मारतो. ही उडी बघायला डबीपेक्षा जलद डोळा लागतो. पोराला चाकणला फोन लावला. तो म्हणाला, पप्पा, बदलून टाका ना, कशाला एवढं. मेस्त्रींनी फोन ठेवला आणि बारक्याला लक्ष्मीपुरीत पिटाळलं.

लक्ष्मीपुरीत त्यांचा एक टीव्ही दुरुस्त करणारा दोस्त आहे. टीव्ही दुरुस्त करून घ्यायला आता कुणी येत नाही, दोस्त मात्र रोज दुकान उघडतो. त्याच्याकडे जुना सीआरओ होता, हिरव्या पडद्याचा ऑसिलोस्कोप. तो स्कूटरवर, दोघांच्या मध्ये, सोलापुरी चादरीत गुंडाळून आला. दोस्तही आला, यंत्र एकटं पाठवण्याइतका विश्वास तीस वर्षांच्या दोस्तीतही बसला नव्हता. मेस्त्रींनी मंडळींच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी कनेक्टरच्या मागच्या बाजूनं अलगद सरकवली. बारक्या वायरीलाच टोचायला निघाला होता, त्याच्या हातावर फटका बसला: "वायरला भोक पाडायचं न्हाई. पाणी शिरतंय, वरसानं आतनं हिरवी हुती."

आणि मग, उद्यमनगरातल्या त्या बोळात, लेथवाला, चहावाला, टीव्हीवाला, मी आणि एक रस्ता विचारायला आलेला कुरिअरवाला, असे सगळे हिरव्या पडद्यापुढं उभे राहिलो. मेस्त्रींनी हवेच्या नळीशी स्प्रेचा एक फवारा मारला. पेट्रोल एकदम जास्त झालं असं इंजिनाला वाटायला हवं, आणि ठिपका ताडकन वर जायला हवा. ठिपका गेला. पण गोलाई घेत, आरामात. मेस्त्रींनी नळीच काढली, म्हणजे हवा एकदम जास्त. ठिपका खाली आला, तोही मधे जरा विचार करून. पडद्यावरच्या चौकटी मोजल्या. लागायला हवा त्याच्या तिप्पट-चौपट वेळ. पुन्हा केलं. पुन्हा तेच. टीव्हीवाल्यानं स्वतःची बटणं तपासली, त्याचं यंत्र निर्दोष निघालं.

"सुस्तच हाय," मेस्त्री म्हणाले. काचेच्या वर्कशॉपमधला मुलगा बरोबर होता, असं कुणीही म्हणालं नाही. कुरिअरवाला म्हणणार होता. त्याला रस्ता सांगून वाटेला लावलं.

दुसरा कुणी असता तर नवा सेन्सर बसवून मोकळा झाला असता. मेस्त्रींचा खरा प्रश्न इथून सुरू झाला. हा वेळेआधी म्हातारा का झाला? त्यांनी बावीस नंबरचा सॉकेट काढला. वायर जायला त्याला बाजूनं खाच हवी. तशी खाच पाडलेला हत्यारांच्या दुकानात मिळतो, पण मेस्त्रींनी जुना सॉकेट लेथवाल्याकडून कापून घेतला होता आणि त्यांच्या मते तोच मूळ, बाकीची नक्कल. सेन्सर निघाला. सगळे वाकले. टोकावर काळी काजळी असती तर पेट्रोल जास्त. तपकिरी राख असती तर ऑइल जळतंय. हे टोक पांढरं होतं, चुन्याचं बोट लावल्यासारखं.

"कूलंट," मेस्त्री लगेच म्हणाले, आणि मला पहिल्यांदाच त्यांचा आवाज आशेनं भरलेला वाटला. हेड गॅस्केट फुटून कूलंट आत गेलं तरी असा थर चढतो. बारक्यानं कूलंटची बाटली बघितली. काठोकाठ, रेघेवर.

मग बारक्यानं मॅन्युअल उघडलं. तो हळू आवाजात, एकेक शब्द लावत वाचू लागला. काही जातींच्या सिलिकॉनमधून वाफ निघते. टॅपेट कव्हरच्या आत सुटलेली वाफ इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून परत हवेत मिसळते, जळते, तिची वाळू होते, आणि ती वाळू सेन्सरच्या टोपणावर बसून त्याची भोकं बुजवते. सेन्सरला चालणारी ट्यूब वेगळी मिळते, तिच्यावर तसं छापलेलं असतं...

मेस्त्रींनी माझ्या गाडीच्या टॅपेट कव्हरकडे बघितलं. तिथं दोन्ही बाजूंना बोटभर जाड वळी होती, गणपतीआधीची. मीही बघितली. लेथवाल्यानंही बघितली. फडताळात ती ट्यूब उभी होती आणि तिच्यावर जे छापलेलं होतं त्यात सेन्सरचं नाव कुठंही नव्हतं.

"बारक्या, चार चहा सांग जा."

"आत्ता तर घेतला की."

"बारा नंबरचा पाना आन."

बारा नंबरचा पाना मेस्त्रींच्या हातातच होता. बारक्या तरी गेला. आयटीआयमध्ये काही गोष्टी चांगल्या शिकवतात.

नवं गॅस्केट आलं, वळी खरवडून काढली, नवा सेन्सर बसला. आट्यांवर वंगण लावताना टोकाला थेंबही लागू नये म्हणून मेस्त्रींनी बारक्याला बाजूला सारून ते स्वतः लावलं. सीआरओ अजून तिथंच होता. ठिपका आता फवारा सुटायच्या आत वर जात होता. टीव्हीवाल्यानं टाळी वाजवली. मी पैसे विचारले तर मेस्त्रींनी सेन्सरची आणि गॅस्केटची पावती पुढं केली.

"आनी मजुरी?"

"ऱ्हाऊ द्या."

उद्यमनगरात मजुरी न घेणं म्हणजे काय, हे सांगायला नको. याहून मोठा कबुलीजबाब तिथं दिला जात नाही.

पुढच्याच आठवड्यात टायरमध्ये हवा भरायला म्हणून मी त्या बोळात गेलो. ॲम्बॅसॅडरच्या सीटवर एक जण बसला होता, गाव मुरगूड, लेक निपाणीला दिलेली. त्याच्या गाडीचं ऑइल गळत होतं आणि त्यानं भोळेपणानं विचारलं, मेस्त्री, सिलिकॉन लावून भागंल का?

मेस्त्री दोन पावलं मागे सरले. "सिलिकॉन?" ते म्हणाले. "कोन सांगितलं तुमास्नी? अवो पाव्हनं, सिलिकॉन लावणारा मेस्त्री दिसला की गाडी उचलायची आनी पळायचं! त्येची वाफ हुती, वाफेची वाळू हुती, वाळू सेन्सरात जाती... बारक्या, त्या सरांच्या गाडीतनं काढलेला सेन्सर दाव जरा. बगा. असल्या लोकांनी धंद्याची वाट लावलीया."

बारक्यानं सेन्सर आणून दाखवला. फडताळात ट्यूब नव्हती. मोरीच्या नळाखाली मात्र ताजी वळी दिसत होती.